जामदरवाजा उतरून नर्मदेवर: इंदूर ते महेश्वर, सायकलनं एक दिवस

इंदुरात आमच्या नळाला येणारं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून येतं. सत्तरेक किलोमीटर, आणि तेही विंध्याचा डोंगर चढून. १९७८ साली ते शहरात पहिल्यांदा आलं, त्याच्या गोष्टी आई अजून सांगते. आपलं पाणी जो डोंगर चढून येतं तो सायकलवर उतरून नदीपर्यंत जायचं, हे खूळ माझ्या डोक्यात बरेच दिवस होतं. डिसेंबरात पुण्याहून भाचा सुट्टीला आला आणि सोबत मिळाली.

पहाटे साडेपाचला राजेंद्रनगरहून निघालो. राऊवरून महूपर्यंतचा पट्टा ट्रकांचा आणि धुळीचा. मागचा लाल दिवा नसेल तर उजाडल्याशिवाय निघू नका. महूला पोहे-जिलेबी. पोह्यांवर जिरावण, म्हणजे आमचा इंदुरी मसाला, बघून भाच्यानं विचारलं, "मावशी, हे काय भुरभुरलंय?" दुसऱ्या बशीला त्यानं स्वतःच मागून घेतलं. इथंच भरपेट खा आणि बाटल्या भरून घ्या, कारण पुढे मंडलेश्वरपर्यंत चहाच्या टपऱ्यांवरच भागवावं लागतं.

महूनंतर गहू-हरभऱ्याची शेतं, हलके चढउतार आणि बोचरी थंडी. अर्ध्या बोटांचे हातमोजे घालून मी मूर्खपणा केला होता. बोटं इतकी बधिरली की गिअर बदलताना दोन्ही हात लागत होते.

जामदरवाजा अहिल्याबाईंनी १७९१ साली बांधला. कमानीच्या अलीकडे माळवा आणि पलीकडे एकदम खाली निमाड. दरवाज्यापाशी थांबायचं ते फोटोसाठी नाही, ब्रेक तपासायला. घाट तीव्र आहे, वळणं आंधळी, आणि आतल्या कडेला वाळू साचलेली. ब्रेक सतत दाबून धरू नका. वळणाआधी वेग पाडा, वळणावर सोडा. माझी जुनी सायकल, रबराचे ब्रेक. मध्ये दोनदा थांबून रिमला हात लावला तर चटका बसला. भाच्याच्या डिस्कब्रेकचा वास मला मागून येत होता. रविवारी आणि पावसाळ्यात हा घाट टाळाच. धुकं बघायला अख्खं इंदूर मोटारसायकली घेऊन तिथं लोटतं. आम्ही मंगळवारी गेलो. वाटेत माकडं आणि दोन दुधवाले, एवढीच वर्दळ.

खाली आल्यावर हवा पार बदलते. जॅकेट निघालं, कापसाच्या गाड्या दिसायला लागल्या, आणि अकराच्या सुमारास मंडलेश्वरच्या घाटावर पाय पाण्यात होते. शंकराचार्य आणि मंडनमिश्रांचा वाद इथं झाला असं गावकरी मानतात. आम्ही मात्र वाद न घालता तासभर पडून राहिलो.

मंडलेश्वर ते महेश्वर डांबरी रस्त्यानं जेमतेम आठ-दहा किलोमीटर, पण तो नदीपासून जरा आतून जातो. आम्ही मधला बराच तुकडा काठाकाठानं, परिक्रमावासींच्या वाटेनं गेलो. नर्मदा उजव्या हाताला ठेवून चालायचं, म्हणून उत्तर काठावर ते पूर्वेकडे निघालेले असतात आणि आपण पश्चिमेकडे. त्यामुळे प्रत्येकाची गाठ समोरासमोर. "नर्मदे हर!" म्हणत सायकलवरून उतरायचं, वाट त्यांना द्यायची. सांगलीकडच्या एक आजी काठी टेकवून म्हणाल्या, "अगं, तुम्ही तर उलट्याच निघालात की!" मग आमची मराठी ऐकून राजगिऱ्याचा लाडू दिला.

लाडू संपतो न संपतो तोच माझं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. पॅच होते, पण सोल्यूशनची ट्यूब उघडली तर आत वाळून खडा झालेला. जादा ट्यूब घरी, कपाटात. महेश्वरपर्यंत तीन किलोमीटर सायकल ढकलली. तिथल्या पंक्चरवाल्याकडे आणखी एक घोळ: माझ्या ट्यूबचा वाल्व्ह बारीक, त्याचा पंप जाड वाल्व्हचा. भाच्याच्या पिशवीत अ‍ॅडाप्टर निघाला म्हणून निभावलं. दहा ग्रॅमची वस्तू, पण ती घेतल्याशिवाय या रस्त्याला येऊ नका.

महेश्वरचा किल्ला आणि घाट याबद्दल सगळ्यांनी लिहिलंय, मी कशाला भर घालू. माहेश्वरीच्या दुकानात मात्र सायकलवर असताना शिरू नका. साडी घ्यावीशी वाटते आणि ठेवायला जागा नसते.

उन्हं कलताना सहस्रधारेला गेलो. गावाच्या खालच्या अंगाला चार-पाच किलोमीटरवर काळ्या खडकांतून नदीच्या असंख्य धारा फुटतात. सहस्रार्जुनानं हजार हातांनी नर्मदा अडवायला पाहिली, त्याची ही कथा. २०२३ च्या खेलो इंडिया युवा स्पर्धांतलं कॅनो स्लॅलम, म्हणजे खळाळत्या पाण्यातली होड्यांची शर्यत, इथंच झालं. दिवसभरातली माझी सगळ्यात आवडती जागा, आणि सगळ्यात फसवीही. वर ओंकारेश्वरला धरण आहे. तिथून पाणी सोडलं की खालची पातळी वाढते. त्यामुळे दूरच्या खडकांवर जाऊन बसू नका आणि स्थानिक कोळी "उठा" म्हणाले की उठाच.

मुक्काम महेश्वरलाच करा. त्याच दिवशी जामघाट चढायचा विचार सोडून द्या. नव्वदेक किलोमीटर झाल्यावर त्या चढावर सायकल हातात धरूनच जावं लागेल आणि अंधार पडेल. आम्ही सकाळी धामनोदला येऊन इंदूरची बस धरली, सायकली टपावर. सायकलचं भाडं चढवण्याआधी ठरवा, दोरी स्वतःची न्या, आणि पेडल काढून घ्या. आमची काढली नव्हती. भाच्याच्या नव्याकोऱ्या फ्रेमवर माझ्या पेडलचा ओरखडा आहे आणि तो अजून ऐकवतोय.