मार्च एंडला लोफोटेन

८ ऑगस्ट, शनिवार

आज कबूल करून टाकते. गेला आठवडाभर मी नॉर्वेचा कार्यक्रम जूनमधला आखत होते आणि त्यात तीन रात्रींपुढे 'नॉर्दर्न लाइट्स', म्हणजे उत्तरेकडच्या रात्रीच्या आकाशात दिसणारा हिरवा उजेड, असं लिहून ठेवलं होतं. लेकीची सुट्टी, नवऱ्याची रजा, आपल्याकडचा उकाडा, सगळं कसं छान जुळत होतं. उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोमधलं हॉटेलसुद्धा निवडून झालं होतं.

आई मेथी निवडत बसली होती. तिला मोबाइलवर दोन फोटो दाखवले, एक हिरव्या आकाशाचा आणि एक मध्यरात्रीच्या सूर्याचा. तिने चष्मा वर केला, दोन्ही पाहिले आणि म्हणाली, "रात्रीचा पण सूर्य असतो, तर हे हिरवं दिसतं कधी? भर दुपारी कोणी भुईनळे लावतं काय?"

मी गप्प. ट्रोम्सोत साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळतच नाही. हे मला माहीत होतं, पन्नास ठिकाणी वाचलं होतं, आणि तरी डोक्यात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने नांदत होत्या. फोटो बघून बेत आखला की असं होतं. फोटोंना महिना नसतो.

१२ ऑगस्ट, बुधवार

म्हणजे एकतर उजेड घ्यायचा नाहीतर काळोख. घरात सरळ दोन पक्ष पडलेत. नवरा उजेडाच्या बाजूने, कारण मे-जून सोडून त्याला रजाच मिळत नाही. लेक काळोखाच्या बाजूने, पण तिची वार्षिक परीक्षा काळोखातच येते.

शेजारच्या काकूंनी एका टूरवाल्याचं पत्रक आणून दिलं. नऊ दिवसांत चार देश, रोज रात्री भारतीय जेवण, आणि तिसऱ्या दिवशी 'फियॉर्ड दर्शन', म्हणजे डोंगरांत आत शिरलेली समुद्राची खाडी बघायची, वेळ दीड तास. मी नऊ दिवसांतले बसमधले तास मोजले आणि पत्रक डाळीच्या डब्याखाली ठेवून दिलं. वाईट काही नाही त्यात, बऱ्याच जणांना तेच सोयीचं पडतं. पण दीड तासाचं दर्शन मला सिद्धिविनायकालाही आवडत नाही.

१६ ऑगस्ट, रविवार

आज सगळंच फिरलं, आणि तेही बोंबलांमुळे.

मी लोफोटेनचे फोटो बघत होते. नॉर्वेच्या किनाऱ्याला लागून, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, समुद्रातून सुळके उगवावेत तशी बेटं. एका फोटोत गावाबाहेर लाकडी वाशांचा भला मोठा मांडव होता, उतरत्या छपरासारखा, आणि त्यावर काहीतरी दाटीवाटीने लटकलेलं. आई मागून जात होती. थांबली.

"ही वलांडी ना?"

आईचं माहेर अर्नाळा. वलांडी म्हणजे बोंबील वाळवायची बांबूंची रांग, हे मला तिनेच लहानपणी दाखवलेलं. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. आजी बोलता बोलता, न बघता टाकायची. माझ्या हातून पहिली जोडी हमखास वाळूत पडे.

मग मी वाचत गेले आणि ती विचारत गेली.

"मासा कुठला?"

"कॉड. हिवाळ्यात उत्तरेकडच्या बॅरेंट्स समुद्रातून अंडी घालायला लोफोटेनला येतो. जानेवारी ते एप्रिल. तिकडे त्याला स्क्रेइ म्हणतात."

"मीठ लावतात?"

"नाही. नुसता वारा."

"आपल्यासारखंच की. पण ह्याला मुंडकं कुठंय? मग अडकवतात कशात?"

"शेपटीत. दोन-दोन माशांच्या शेपट्या बांधतात नि वाशावर टाकतात."

यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "जोडी मात्र हवीच."

मुंडकी वेगळी वाळतात आणि मोठ्या प्रमाणात नायजेरियाला जातात, तिथे ती रश्श्यात पडतात. त्याआधी कॉडच्या जिभा कापायचं काम परंपरेने गावातल्या पोरांचं. शाळा सुटली की बंदरावर यायचं, जिभा कापायच्या, विकायच्या, पैसे स्वतःच्या खिशात. हे ऐकून आईने माझ्या लेकीच्या खोलीकडे जो कटाक्ष टाकला तो मी इथे लिहीत नाही.

बोंबील आपल्याकडे कडक उन्हात दोन-तीन दिवसांत वाळतो. कॉड फेब्रुवारीत चढतो तो मेपर्यंत उतरत नाही. आईला हे काही पटेना. तीन महिने मासा उघड्यावर आणि नासत नाही? मग मलाच कारण शोधावं लागलं. एवढ्या उत्तरेला असूनही गरम सागरी प्रवाहामुळे लोफोटेनचा हिवाळा शून्याच्या आसपास रेंगाळतो. थंडी आणखी वाढली तर मासा गोठून त्याची साल फाटेल; ऊब वाढली तर माश्या बसतील. नेमक्या त्या मधल्या थंडीत तो सावकाश पाणी सोडत जातो. पाच किलोचा मासा शेवटी किलोभर उरतो आणि लाकडासारखा वाजतो.

रात्री तिला क्वेरिनीची गोष्टही सांगितली. व्हेनिसचा व्यापारी, क्रीटहून दारू भरून फ्लँडर्सला निघालेला. जहाज फुटलं आणि १४३२ च्या जानेवारीत उरलेसुरले खलाशी लोफोटेनच्या टोकाशी रॉस्ट बेटाजवळ लागले. बेटावरच्या कोळ्यांनी त्यांना घरात ठेवून घेतलं. परत निघाला तेव्हा त्याने वाळलेला कॉड बरोबर नेला, आणि आजही लोफोटेनच्या सुक्या माशाचं मोठं गिऱ्हाईक इटलीच आहे. आई म्हणाली, "कोळ्याच्या घरी गेलेला माणूस रिकाम्या हाताने येतोय होय!"

झोपताना दारातून डोकावली. "किती लागतात गं जायला?"

२० ऑगस्ट, गुरुवार

मांडवावर मासा फेब्रुवारी ते मे. हिरव्या उजेडाला काळोख हवा, म्हणजे एप्रिलच्या मध्यापर्यंत. फार आधी जावं तर दिवस इतका आखूड की मांडव दिसायचे कधी? सगळी बोटं एकाच महिन्याकडे. मार्च.

नवरा बँकेत. मार्च एंड म्हटल्यावर त्याने हात जोडले. लेकीची परीक्षा. म्हणजे मी आणि आई, दोघीच. लेकीला वाईट वाटलं, मला तिच्याहून जास्त वाटलं, आणि खरं लिहायचं तर त्याखाली कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं.

२८ ऑगस्ट, शुक्रवार, नारळी पौर्णिमा

अर्नाळ्याला जाऊन आलो. मामाने नारळ सोडला. परतताना आईने तारखांचा विषय स्वतःच काढला. तिची अट एकच, शिमग्याला घरी हवं. कोळ्याच्या लेकीला शिमगा चुकवायला सांगणं म्हणजे काय, ते कोळ्यालाच विचारा. पुढच्या वर्षी होळी २२ मार्चला. आईने लगेच बोटं मोजली: "पुनवेच्या आधी पंधरा दिवस अवस. ७-८ मार्च. तेव्हाच जाऊ, चांदणं आड येणार नाही."

मी महिनाभर अ‍ॅपमधले आलेख बघतेय आणि हिने तिथीवर काम उरकलं. शिवाय २८ मार्चला ईस्टर. ईस्टरच्या आठवड्यात नॉर्वेत गुरुवारपासून दुकानं बंद आणि लोक डोंगरातल्या झोपड्यांकडे पसार, त्यातूनही सुटलो. ढगांचं मात्र कोणी सांगू शकत नाही. लोफोटेनला आभाळ झाकलेलं असायला कारण लागत नाही. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मासा तर दिसेल ना?"

३ सप्टेंबर, गुरुवार

वाट ठरली. ओस्लोहून रेल्वेने ट्रॉनहाइम, तिथून पुढच्या गाडीने बोडो. ही दुसरी लाइन ७२९ किलोमीटर, म्हणजे जवळपास आपल्या कोकण रेल्वेएवढी, आणि जायला दहा तास. वाटेत आर्क्टिक वृत्त ओलांडते. बोडोहून किनाऱ्याची बोट, जी सेवा १८९३ पासून चालू आहे. दुपारी निघून रात्री लोफोटेनमधलं स्वोल्व्हेर. मधला वेस्टफियॉर्ड हिवाळ्यात खवळलेला असतो. आईला बोट लागत नाही. मला लागते. हे तिने आज दोनदा काढलं.

राहायला रोर्बू. पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या, कोळ्यांसाठी बांधलेल्या लाल खोल्या; आता त्यात पर्यटक राहतात, आणि भाडं बघितलं तर कोळ्याला परवडणार नाही हे उघड आहे. हा लाल रंग पूर्वी गेरू आणि कॉडच्या यकृताचं तेल मिसळून करत. म्हणजे शाळेत असताना रोज सकाळी आई नाक दाबून ज्या पिवळ्या गोळ्या मला गिळायला लावायची, त्याच तेलाने तिकडे भिंती रंगवल्या. तीस वर्षांनी का होईना, सूड उगवल्यासारखं वाटलं.

नॉर्वेच्या क्रोनचे रुपये करून बघितले. कॉफी चारशेच्या घरात. स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीय. तांदूळ, डाळ, गोडा मसाला इथून. तुपाची बरणी नाही, दुधामांसाचे पदार्थ बाहेरून नेता येत नाहीत. आईला सुके बोंबील न्यायचेत. खायला नव्हे, "दाखवायला". सध्या मी ऐकू न आल्यासारखं करतेय.

६ सप्टेंबर, रविवार

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे आमचे दिवस आता सुरू झाले. फी माणशी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. आईचं बँक पासबुक ओल्या हातांनी हाताळून हाताळून मऊ पडलंय, त्याऐवजी बँकेकडून स्टेटमेंट आणायचंय. अर्जात प्रवासाचं कारण विचारलं होतं. मी वाचून दाखवलं. "लिही ना, सुकं बघायला." मी 'पर्यटन'वर खूण केली.

संध्याकाळी तिचे बूट आणले. आयुष्यभर चपला, पंजा रुंद, चार दुकानांत काही बसेना. पाचव्यात पुरुषांच्या विभागात एक जोड मिळाला, काळा, घोट्याच्या वर. दुकानातल्या पोराने नाडी बांधायला हात पुढे केला तर तिने पाय मागे घेतला आणि स्वतःच बांधली. कोळ्याची गाठ. पोराला ती सोडता येईना.

आत्ता साडेदहा वाजलेत. गाऊनवर बूट चढवून ती स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत फेऱ्या मारतेय. मोरीपाशी थोडं पाणी ओतून ठेवलंय, बर्फाची सवय म्हणून. खालच्या मजल्यावरून एकदा फोन येऊन गेला.