तुम्ही विचारलेत म्हणून : हे प्राणी घासून लख्ख का करत नाही?

घरी आलेले पाहुणे कपाटातल्या धातूच्या हत्ती-घोड्यांसमोर जरा वेळ रेंगाळतात आणि मग हमखास विचारतात, "अहो, इतक्या हौसेने जमवलेत, मग असे काळे का पडू दिलेत? चिंच लावून घासा, सोन्यासारखे होतील." प्रश्न आपुलकीचा असतो. समई आणि पितळेची पातेली चिंचेने उजळणाऱ्या घरांतच आपण वाढलो, तेव्हा तो कुणाच्याही मनात येणारच. म्हणून एकदा सविस्तर उत्तर देते.

आधी धातूविषयी. अशा सगळ्याच वस्तूंना आपण सरसकट 'ब्रॉन्झ' म्हणतो. तांब्यात साधारण १० टक्के कथील मिसळले की ब्रॉन्झ होते आणि जस्त मिसळले की पितळ. कथीलच २० टक्क्यांच्या पुढे गेले की तळपायाला तूप लावून जिने घासतात त्या वाटीचे कासे तयार होते. माझ्याकडचे बरेचसे नंदी, घोड्याच्या आकाराचे अडकित्ते आणि पाय घासायच्या वज्रीवरचे मोर पितळेचे आहेत, आणि बस्तरचे ढोकरा, म्हणजे मेण वितळवून केलेल्या साच्यात ओतलेले, हत्तीही पितळेचेच. तिन्ही मिश्रणांत तांबे मुख्य असल्यामुळे हवा, दमटपणा आणि हाताचा घाम यांनी त्यांच्यावर हळूहळू तपकिरी, पुढे काळसर थर धरतो. तो मळ नव्हे. वरच्या धातूचेच झालेले ते रूपांतर असते, आणि घट्ट धरलेला असा थर खालच्या धातूला सांभाळतो.

हा थर डोळ्यांसाठी काय करतो, ते ढोकरा हत्ती हातात घेतल्यावर कळते. बस्तरमधल्या कोंडागावचे घडवा समाजाचे कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाचे बारीक दोरे शेजारी शेजारी गुंडाळून हत्तीचे अंग बनवतात, त्यावर पुन्हा माती लिंपून साचा भाजतात आणि मेण वितळून गेलेल्या पोकळीत धातूचा रस ओततात. दोऱ्यांच्या त्या रेघा हत्तीच्या पाठीवर जशाच्या तशा उमटतात. वर्षे गेली की रेघांमधल्या खाचा काळ्या होतात आणि कडा हात लागून किंचित उजळ राहतात, म्हणून सोंडेचे वळण आणि कानाची घडी अंधूक उजेडातही स्पष्ट दिसते. हत्ती घासला की खाच आणि कड सारखीच चमकते, नजर चकाकीवर अडते आणि कारागिराच्या बोटांचे काम दिसेनासे होते. अंत्वान-लुई बारी हा एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच शिल्पकार आयुष्यभर वाघ-सिंह घडवत राहिला. आपल्या ब्रॉन्झवरचा हिरवट-तपकिरी रंग तो मुद्दाम चढवत असे. रंग हा त्याच्या लेखी शिल्पाचाच भाग होता.

चिंचेला माझा विरोध आहे तो मात्र रंगापेक्षा मिठामुळे. काही वर्षांपूर्वी जुन्या बाजारातून मी वीतभर उंचीचा एक नंदी आणला. गळ्यात घागरमाळ, पाठीवर झूल आणि उजव्या डोळ्याखाली ओतकामात राहिलेला एक बारीक खड्डा. दिवाळीच्या साफसफाईत घरातल्याच एका माणसाने मोठ्या मायेने तो चिंच-मिठाने घासून ठेवला. पहिले काही दिवस तो झळाळत होता. पावसाळ्यात मात्र गळ्याच्या वळ्यांत फिकट हिरव्या पिठासारखे ठिपके दिसू लागले. पुसले की जायचे आणि आठवड्याभरात पुन्हा उगवायचे. चिंचेतले आम्ल संरक्षक थर विरघळवते आणि मिठातले क्लोराइड धातूच्या छिद्रांत जाऊन बसते. दमट हवेत त्याची तांब्याशी क्रिया होऊन आम्ल तयार होते, ते आणखी तांबे खाते, आणि हे चक्र आपोआप चालू राहते. संग्रहालयातले जाणकार याला ब्रॉन्झचा रोगच म्हणतात आणि असा बाधलेला धातू कोरड्या हवेत, ४० टक्क्यांच्या आतल्या आर्द्रतेत ठेवतात. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी तर फारच जपावे. मी तो नंदी कित्येक आठवडे डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवला, दर दोन दिवसांनी पाणी बदलले, पूर्ण सुकवला आणि कोमट करून मेणाचा पातळ हात दिला. ठिपके थांबले, पण घागरमाळेतले दोन घुंगरू झिजले ते झिजलेच.

देवघरातल्या नंदीचे म्हणाल तर तो रोज धुतला-पुसला जावा असेच मला वाटते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी त्याचे नाक-डोळे गुळगुळीत झालेले असतात, आणि ती झीज पूजेतून आलेली आहे. कपाटातल्या प्राण्याकडे आपण पाहण्यासाठी जातो, म्हणून त्याचा नियम वेगळा.

झीज खरी की खोटी, हेही या थरावरूनच ओळखता येते. नव्या ओतकामाला आम्ल लावून जुने भासवणारे विक्रेते असतात. त्यांच्या वस्तूवरचा हिरवा रंग सगळीकडे सारखा असतो आणि ओल्या कापसाला लागतो. खरोखर हाताळलेला बैल वशिंडावर आणि शिंगांच्या टोकांवर उजळ असतो, पोटाखाली मात्र गडद. थर घासून काढल्यावर हा पुरावा परत मिळत नाही.

प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये झाडाचे मूळ खणताना हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ अशी तांब्याची चार शिल्पे सापडली. सगळ्यांचे मिळून वजन ६० किलोंहून अधिक आहे. हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळाशी जोडल्या जाणाऱ्या त्या हत्तीला चिंच चोळावी, असे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. माझ्या साध्या बाजारातल्या बैलालाही तोच मान मिळावा, एवढीच माझी इच्छा आहे.

त्यामुळे माझ्याकडे मऊ कुंचला, कोरडे सुती फडके आणि मधमाश्यांच्या मेणाची एक डबी, एवढेच साहित्य असते. नंदी आता पुन्हा तपकिरी होऊ लागला आहे. सुरुवात झुलीच्या काठापासून झाली, आणि डोळ्याखालचा तो बारीक खड्डा या वर्षी पहिल्यांदा काळा दिसला.