सव्वा किलोमीटरची गाडी

माझ्या घरापासून पुण्यातलं आयडियल कॉलनी मेट्रो स्टेशन सव्वा किलोमीटरवर आहे. हे अंतर मोठं आगाऊ. चालत गेलं तर सकाळची पंधरा-अठरा मिनिटं जातात, रिक्षावाले एवढ्याशा भाड्याला मान हलवून पुढे निघून जातात, आणि स्कूटी न्यावी तर ती दिवसभर लावायची कुठे? ऑगस्ट २०२३ मध्ये मेट्रो गरवारे कॉलेजच्या पुढे रुबी हॉलपर्यंत गेली, मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत, आणि माझं कल्याणीनगरचं ऑफिस एकदम टप्प्यात आलं. मधला सगळा प्रवास सोडवला गेला, उरली ती दोन टोकं.

झुरिकच्या व्हिम आउबोटर या गृहस्थांना नव्वदच्या दशकात असाच प्रश्न पडला होता. त्यांना आवडत्या ठिकाणी जाऊन सॉसेज खायचं होतं, आणि ते ठिकाण चालायला लांब, सायकल काढायला जवळ. त्या खटाटोपातून घडीची, पायाने ढकलायची स्कूटर निघाली आणि २००० च्या सुमारास तिची जगभर लाट आली. लाट आली ती मुलांच्या खेळण्याची. मुळात ती एका भुकेल्या मोठ्या माणसासाठी होती, हे बहुतेक जण विसरले. सत्तेचाळिसाव्या वर्षी किक स्कूटर घ्यायचं ठरवताना मला ही गोष्ट फार उपयोगी पडली. नवऱ्याला दोनदा सांगितली.

इलेक्ट्रिक आधीच बाद केली. ती बारा-पंधरा किलोच्या घरात जाते, आणि जिना आला की तिची मोटर माझ्या काही कामाची नाही. साध्या गाडीला इंजिनच नसल्यामुळे मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ती बसत नाही. लायसन्स नको, नंबरप्लेट नको, चार्जिंग नको.

मग चाक. दुकानात लोक रंग आणि हँडल बघतात, पण पुण्यात गाडी घ्यायची तर आधी पेव्हर ब्लॉक डोळ्यांसमोर आणावेत. दोन ब्लॉकमधली खाच, वर आलेला कोपरा, ड्रेनेजच्या झाकणाची कड. मुलांच्या गाडीचं चाक शंभर-सव्वाशे मिलिमीटरचं असतं. एक सेंटिमीटरची कड आली की ते चढत नाही, अडतं. गाडी थांबते आणि माणूस पुढे जातो. दोनशे मिलिमीटरच्या चाकाला तीच कड बरीच सौम्य लागते. त्याहून मोठं, बारा-सोळा इंची, हवेच्या टायरचं चाक सगळ्यांत सुखाचं. फिनलंड आणि चेक प्रजासत्ताकात तर त्याहूनही मोठ्या चाकांच्या, सायकलीएवढ्या स्कूटरवरून लोक लांबलांब जातात. पण ती घेऊन गर्दीच्या वेळी मेट्रोत शिरले असते तर सहप्रवाशांनी मला वाटेत मंगळवार पेठेलाच उतरवलं असतं. त्यामुळे दोनशे मिलिमीटर, घट्ट पीयूचं, म्हणजे हवा न भरायच्या टणक पॉलियुरेथेनचं चाक.

दुसरी गोष्ट कुणीच सांगत नाही, ती म्हणजे उभं राहायच्या फळीची जमिनीपासूनची उंची. आपल्याला वाटतं ढकलणारा पाय दमेल. दमतो तो फळीवरचा. ढकलणारा पाय जमिनीला टेकवायचा तर उभा पाय गुडघ्यात वाकतो, आणि हे प्रत्येक ढकलीला. फळी जितकी उंच तितकी बैठक खोल. आमच्या घरी गुडघेदुखी वारशाने चालत आलेली, त्यामुळे मी दुकानात चक्क पर्समधली शिवणाची टेप काढून चार गाड्यांच्या फळ्या मोजल्या. स्प्रिंगवाल्या, गुबगुबीत दिसणाऱ्या गाडीची फळी सगळ्यांत वर निघाली. तिथला मुलगा सस्पेन्शनचं कौतुक करत होता, मी त्याला म्हटलं, "अरे, धक्के सोसेन मी, उठाबशा नाही काढणार."

चाकातल्या बेअरिंगवर त्याने 'अबेक ९' असं अभिमानाने दाखवलं. तो आकडा बेअरिंगच्या अचूकपणाचा असतो, आणि खरा कामाला येतो तो फार वेगाने फिरणाऱ्या यंत्रांत. दोनशे मिलिमीटरचं चाक ताशी बारा किलोमीटरला मिनिटाला जेमतेम सव्वातीनशे फेरे घेतं. त्याला कुठलंही बरं बेअरिंग पुरतं. त्यापेक्षा खालचा स्टिकर वाचावा: युरोपचं ईएन १४६१९ हे मानक आणि 'क्लास ए' लिहिलं असेल तर गाडी शंभर किलोपर्यंतच्या माणसाला चालते. हँडल साधारण कमरेच्या वर, बेंबीच्या खाली. हाताचा ब्रेक असलेली घ्या, मागचं मडगार्ड पायाने चाकावर दाबायचं, नुसत्या त्या ब्रेकच्या भरवशावर राहू नका. माझी सगळं धरून दहा हजारांच्या आसपास गेली.

चालवायला सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुरुवात केली, रात्री, मुलं घरी गेल्यावर. तरी पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून म्हटलंच, "अगं, लेकीची गाडी मोडशील हं!" वॉचमनने मात्र काही न बोलता पार्किंगमधली एक बादली बाजूला सरकवली.

तंत्र फार नाही, पण आहे. उभ्या पायाचा अंगठा सरळ पुढे, फळीच्या मध्याच्या जरा पुढे. दुसरा पाय पुढच्या चाकापाशी सपाट टेकवून मागे ओढायचा, जमिनीवर आपटायचा नाही. हातावर भार टाकायचा नाही, नाहीतर पुढचं चाक लटपटतं. आणि दर सहा-सात ढकलींनंतर पाय बदलायचा. इथे गंमत आहे. उजव्याने ढकलणाऱ्याला डावा पाय ढकलायला दिला की तो अगदी परका होऊन बसतो. बदलताना आधी उभ्या पायाची टाच बाहेर फिरवून जागा करायची, मग दुसरा पाय वर, मग पहिला खाली. हे अंगवळणी पडेपर्यंत माझी एक पोटरी ठणकायची आणि दुसरी मजेत असायची.

रस्त्यावर मी मुख्य रस्ता घेतच नाही. आतल्या गल्ल्या, सकाळी साडेसातच्या आत. रंबलर आला की उतरून चालायचं. त्यावरून जाऊन दात वाजवण्यात काही शौर्य नाही. फूटपाथवर अंधांसाठीच्या उठावाच्या पिवळ्या पट्ट्या सोडून जायचं. एक तर त्या आपल्यासाठी नाहीत, आणि त्यावर चाक असं थरथरतं की हँडलवरची बोटं बधिर होतात. दर इमारतीच्या गेटपाशी फूटपाथ खाली उतरतो, पुन्हा चढतो, मध्ये कुणाची तरी दुचाकी आडवी. तिथे चालतच जाते. सगळं मिळून सव्वा किलोमीटरला सात-आठ मिनिटं लागतात, आणि घाम चालण्यापेक्षा कमी.

स्टेशनवर घडी घालून खांद्याला पट्टा. साडेपाच किलो तसं जड नाही, पण लॅपटॉपची बॅग आधीच खांद्यावर असते. मागचं चाक झोका घेऊन नेमकं घोट्याच्या हाडावर बसतं. जिन्यावर तर हमखास. चाक पाठीमागे नाही, पुढे करून धरायचं. तपासणीच्या पट्ट्यावर ती पहिल्यांदा आडवी घातली तेव्हा सुरक्षारक्षकाने थांबवलं.

"मॅडम, बॅटरी आहे का ह्यात?"

"नाही."

"मग चालते कशी?"

"पायानं."

त्याने एकदा गाडीकडे, एकदा माझ्या साडीकडे बघितलं आणि जाऊ दिलं. प्रश्न रास्त होता. लंडनमध्ये २०२१ साली अशा बॅटरीने पेट घेतल्यावर तिथल्या ट्यूबमध्ये, म्हणजे मेट्रोत, ई-स्कूटर नेण्यावर बंदी आली. (साडी नेसून चालवता येते. फळीखाली काठ जाऊ नये म्हणून नेहमीपेक्षा चार बोटं वर नेसायची.)

पावसाळ्यात मात्र ही गाडी घरी बसते. पीयूचं चाक ओल्या फरशीवर, झेब्रा क्रॉसिंगच्या रंगावर आणि लोखंडी झाकणावर घसरतं, आणि मागचा मडगार्ड ब्रेक ओल्या चाकावर नुसता घसरतो. जून ते सप्टेंबर मी पुन्हा छत्री घेऊन चालते. चढ असणाऱ्यांनी तर बारा महिने विचार करावा. वर ढकलणं चालण्यापेक्षा महाग पडतं आणि उतारावर लहान चाक फार लवकर वेग घेतं.

जुलैत एका उघडिपीला मोहाने बाहेर काढली, तर आठवड्याने मागचं चाक खर्रखर्र करायला लागलं. पाणी आणि कच आत गेली होती. दुकानात पूर्ण चाक बदलायला सांगत होते. पण बहुतेक अशा गाड्यांना ६०८ नंबरचं बेअरिंग असतं, आतून आठ, बाहेरून बावीस मिलिमीटर, स्केट्सला असतं तेच. रविवार पेठेत बोहरी आळीत गेले. काउंटरवरच्या चाचांनी डबा उघडायच्या आधी एवढंच विचारलं, "झेडझेड देऊ की टूआरएस?" झेडझेडला पत्र्याची झाकणं, धूळ अडवतात, टूआरएसला रबराची, पाणीही बऱ्यापैकी अडवतात. चाक किंचित जड फिरतं, पण पुण्याच्या पावसात तेच बरं. एका चाकाला दोन लागतात. मी चार घेतली.