देशी बारा बोअर: आधी सांधा बघा, मग पॉलिश

परवान्यावर मिळणारी स्वस्त देशी बंदूक म्हणजे बहुतेक वेळा बारा बोअरची एकनळी नाहीतर दुनळी. (बेकायदा कट्ट्यांशी या लेखाचा काही संबंध नाही. इथे फक्त कारखान्यात बनलेल्या, नंबर आणि प्रूफचा, म्हणजे दाबाच्या चाचणीचा, ठसा असलेल्या बंदुकांबद्दल लिहितोय.) अशा बंदुका मुख्यतः तीन ठिकाणांहून येतात. बंगालमधली इशापूरची सरकारी रायफल फॅक्टरी, बिहारमधलं मुंगेर आणि जम्मू. मीर कासिमने अठराव्या शतकात आपली राजधानी मुंगेरला हलवली, तेव्हापासून तिथे हत्यारं घडतात. इशापूरची फॅक्टरी ऑक्टोबर २०२१ पासून ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट या सरकारी कंपनीत आहे. काडतुसं मात्र आपल्या घरची. ‘शक्तिमान’ छापाची बारा बोअर काडतुसं पुण्याच्या खडकीत बनतात, १८६९ सालापासूनच्या दारूगोळा कारखान्यात.

‘देशी बंदुकीची नळी फाटते’ हे वाक्य कोकणात आणि गोव्यात सर्रास ऐकू येतं. ते बहुतांशी चुकीचं आहे. नळी हा देशी दुनळीचा सहसा सगळ्यात भरवशाचा भाग असतो. बारा बोअरच्या काडतुसाचा दाब आधुनिक रायफलच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतकाच असतो. आतून गुळगुळीत, जाड भिंतीची पोलादी नळी तो दाब आरामात सोसते, आणि प्रूफ चाचणीत तिच्यातून मुद्दाम जास्त दाबाची काडतुसं उडवलेली असतात. महागड्या विलायती दुनळीत पैसा जातो तो कारागिराने कानस घेऊन सांधा, म्हणजे नळ्या आणि मागच्या भागाचा जोड, बसवण्यात घालवलेल्या तासांचा. स्वस्त बंदुकीत कपात होते ती याच तासांची. म्हणून दोष शोधायचा तो सांध्यात, चापाच्या यंत्रणेत, स्प्रिंगांत आणि लाकडात. नक्षी आणि निळं पॉलिश सगळ्यात शेवटी.

दुकानात पहिली गोष्ट: बंदूक रिकामी आहे हे स्वतः उघडून बघा. मग नळ्यांखालचा पुढचा दस्ता काढून ठेवा, कारण तो सांध्यातला ढिलेपणा झाकतो. बंदूक बंद करा, एका हाताने मूठ आणि दुसऱ्या हाताने नळ्या धरून वर-खाली, मग डावी-उजवीकडे हलवा. किंचितही खडखड जाणवली तर बिजागरीची पिन किंवा खालची खाच सैल बसली आहे. बंद बंदूक उजेडासमोर आडवी धरा. नळीचं बूड आणि ब्रीचचा (नळीला मागून टेकणाऱ्या भागाचा) उभा चेहरा यांच्यामध्ये उजेडाची रेघ दिसता कामा नये.

याहून खात्रीची परीक्षा म्हणजे काजळी. नळ्या काढा, दिव्याच्या ज्योतीवर बशी धरून जमवलेली काजळी थेंबभर तेलात कालवून ब्रीचच्या चेहऱ्यावर पातळ फासा, नळ्या बसवून बंदूक बंद करा आणि पुन्हा उघडा. काजळी नळीच्या बुडावर सगळीकडे सारखी उमटली तर सांधा नीट बसवलेला आहे. फक्त वरच्या काठावर किंवा एकाच नळीवर ठिपके उमटले तर सगळा मार तेवढ्याच जागेवर बसणार आणि काहीशे बारांत बंदूक सैल होणार. चांगला दुकानदार या परीक्षेला नाही म्हणत नाही. बंदूक उघडायची वरची किल्लीही बघा. नव्या बंदुकीत बंद झाल्यावर ती मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे थांबली पाहिजे, म्हणजे झीज होईल तशी ती मध्याकडे सरकायला जागा उरते. नवी असतानाच किल्ली मध्याच्या डावीकडे गेलेली असेल तर ती बंदूक नको.

नळ्या खालच्या आकड्याला अंगठ्याने लटकवा आणि बोटाच्या पेराने टिचकी मारा. घंटेसारखा लांबलेला नाद आला पाहिजे. ‘भद्द’ किंवा फाटका आवाज आला तर दोन नळ्यांना जोडणाऱ्या पट्टीचा झाळ कुठेतरी सुटलाय. याचं नेहमीचं कारण दुरुस्तीत सापडतं. पट्टी कथलाने झाळलेली असते, आणि जुनी बंदूक ‘नव्यासारखी’ करायला कुणी ती कॉस्टिकच्या उकळत्या हौदात बुडवून काळी करतो. तो क्षार झाळ खातो, फटीत अडकून राहतो आणि पट्टीच्या खालून नळी गंजत जाते. वरून बंदूक झगमगत असते. वापरलेली दुनळी फार काळीकुळकुळीत दिसली तर आधी हा नाद ऐका. झाळलेल्या नळ्यांना सावकाश गंज चढवून काळं करायची जुनी रीतच योग्य, मग भले जास्त दिवस लागोत.

आतून बघताना नळी खिडकीच्या चौकटीकडे धरा. आत पडणारी चौकटीची काळी रेघ शेवटपर्यंत सरळ धावली पाहिजे. ती एका ठिकाणी मुरडली तर नळी वाकलेली आहे. एखाद्या जागी गडद कडं दिसलं आणि बाहेरून बोट फिरवताना तिथेच उंचवटा लागला तर ती नळी फुगलेली आहे, त्यापुढे बोलणं नको. काडतूस बसतं त्या खोलीत हत्याराचे गोल चरे दिसले तर उडालेलं प्लॅस्टिकचं काडतूस तिथे अडकणार. स्वस्त एकनळीची ही सगळ्यात नेहमीची तक्रार. काडतूस ओढणारा तुकडा कमजोर आहे असं लोकांना वाटतं, खरा दोष त्या खरबरीत भिंतीचा असतो. थोडे चरे असतील तर बंदूकदुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडून पॉलिश करून घेता येतात. घरी सँडपेपर घालू नका, खोली मोठी होते आणि मग काडतूस फुगून फाटतं.

खोलीची लांबी ठशावर बघा. आजची बहुतेक काडतुसं ७० मिलिमीटरची, म्हणजे पावणेतीन इंची, आणि ही लांबी उडाल्यानंतरची, तोंड उलगडल्यावरची असते. आजोबांच्या वेळच्या अडीच इंची खोलीत न उडालेलं ७० चं काडतूस आरामात शिरतं, म्हणून फसगत होते. उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. जुन्या वेटोळ्या लोखंडाच्या, सापासारखी नक्षी दिसणाऱ्या दमास्कस नळ्यांतून आजची काडतुसं उडवूच नयेत.

आता चापाची यंत्रणा. बाहेर घोडा न दिसणाऱ्या देशी दुनळीत बहुतेक वेळा बॉक्सलॉकच (घोडे आत पेटीत बसवलेली यंत्रणा) असते, १८७५ साली बर्मिंगहॅमच्या अ‍ॅन्सन आणि डीली यांनी पेटंट घेतलेली. भाग मोजके, रचना दणकट. पण भागांना पाणी नीट दिलेलं नसेल तर घोड्याची खाच लवकर झिजते आणि एक चाप ओढला की दोन्ही नळ्या उडतात, किंवा बंदूक जोरात बंद करताना घोडा सुटतो. परीक्षा सोपी आहे. दोन्ही खोल्यांत स्नॅप कॅप, म्हणजे नकली काडतुसं, घाला. सेफ्टी लावून दोन्ही चाप जोरात ओढा, सोडा, मग सेफ्टी काढा. घोडा पडता कामा नये. मग बंदूक चढवून दस्त्याचं बूड रबरी पायपुसण्यावर दोन-चारदा आपटा, तरीही पडता कामा नये. एवढं करूनही लक्षात ठेवा, बॉक्सलॉकची साधी सेफ्टी फक्त चाप अडवते, घोडा नाही. सेफ्टी लावलेली असली तरी भरलेली बंदूक घेऊन बांध ओलांडायचा नाही, गडगा चढायचा नाही. काडतुसं काढा, मग चढा.

चापाचं वजन स्प्रिंगच्या काट्याने मोजा. पुढच्या चापाला दीड ते पावणेदोन किलो, मागच्याला थोडं जास्त. तीन-साडेतीन किलो लागत असतील तर ओढतानाच नेम हलतो. देशी बंदुकीत हा दोष इतका नेहमीचा आहे की ‘माझा नेम चुकतो’ म्हणणाऱ्याने आधी चाप मोजावा.

पहिली दोन-चार काडतुसं उडाली की त्यांच्या बुडातल्या टोपीवर फायरिंग पिन आदळून पडलेला खळगा बघा. मधोमध, गोल आणि खोल असेल तर ठीक. एका बाजूला सरकलेला असेल तर फायरिंग पिनचं भोक चुकलंय. उथळ असेल तर स्प्रिंग मऊ आहे किंवा आत घट्ट ग्रीस साचलंय, आणि अशी बंदूक थंडीच्या पहाटे हमखास दगा देणार. टोपीला आरपार भोक पडलं तर पिनचं टोक फार धारदार आहे, आणि तिथून गरम वायू मागे येतो. खळग्यातून ओढल्याची रेघ दिसली तर पिन वेळेवर मागे जात नाही. अशी बंदूक बार काढल्यावर उघडताना अडखळते, आणि तिच्याशी झटापट केली की पिन मोडते. काडतूस उडालंच नाही तर बंदूक सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा, मग उघडा.

दस्त्याचं लाकूड अक्रोडाचं असेल तर बरं, पण जातीपेक्षा रेषा महत्त्वाच्या. मुठीच्या बारीक भागात रेषा सरळ लांबीच्या दिशेने धावायला हव्यात. त्या आडव्या कापल्या गेल्या असतील तर दस्ता मुठीतच तडकतो. स्वस्त बंदुकीत बाहेरून लॅकर मारलेलं असतं, पण धातूला टेकणारा आतला भाग कोराच सोडतात. पावसाळ्यात तिथून पाणी शिरतं, लाकूड फुगतं आणि चाप जड होतो. दस्ता उतरवून आतून उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात दिले की हा प्रश्न मिटतो.

मार कसा आहे हे कागदावरच कळतं, आणि तेही परवानगी असलेल्या रेंजवर. चार फूट बाय चार फूट कागद, अंतर ४० यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर. मधल्या खुणेवर एकच बार काढा, मग छर्‍यांच्या सगळ्यात दाट भागाभोवती ७६ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ आखा आणि आतली भोकं मोजा. सहा नंबरच्या १ १/८ औंस भरणीत सुमारे ३०० छर्रे असतात. वर्तुळात १२० सापडले तर नळी सरळ सिलिंडर, म्हणजे चोक (तोंडाशी नळी आवळणं) नसलेली, १८० आले तर हाफ चोक, २१० आले तर फुल चोक. एका कागदावर विश्वास ठेवू नका, प्रत्येक नळीचे पाच तरी काढा. नळीवर ‘फुल’ असा ठसा आणि कागदावर हाफचा हिशेब, हे देशी बंदुकीत नवल नाही, आणि पिकातल्या माकडांना हुसकावायला आवाज पुरे असताना त्याने काही बिघडतही नाही. बिघडतं ते दोन नळ्यांचे मारे एका जागी न पडल्याने. उजव्या नळीचा मध्य खुणेवर आणि डाव्या नळीचा हातभर बाजूला, ही नळ्या जुळवतानाची चूक असते आणि ती नंतर दुरुस्त होत नाही. म्हणूनच पैसे पूर्ण देण्याआधी कागद बघता आला तर बघावा. एल.जी., एस.जी. सारखे मोठे छर्रे फुल चोकमधून अनेकदा जास्त विस्कटतात. ती काडतुसं चोक नसलेल्या उघड्या नळीतून चालवून बघा.

पीक राखण्यासाठी बंदुकीचा परवाना असला तरी तो शिकारीचा परवाना नव्हे. रानडुकरावर बार काढायलाही वनखात्याची परवानगी लागते.

कोकणातल्या दमट हवेत बंदूक वापराने मरत नाही, ठेवण्याने मरते. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी नळीतून कोरडं फडकं, मग पातळ मशीन ऑइलचं फडकं. खोबरेल नको. ते खवट होऊन आम्ल धरतं आणि थंडीत गोठून पिन अडकवतं. चामड्याच्या खोळीत ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. आणि तेल लावलेली बंदूक नळी वर करून उभी ठेवू नका, कारण तेल ओघळून दस्त्याच्या डोक्यात मुरतं आणि लाकूड कुजकं, काळं पडतं. तोंड खाली करून उभी ठेवा.

निवडणुकीच्या वेळी बंदूक जमा करायचा आदेश आला तर दोन-तीन महिने ती दुसऱ्यांच्या बंदुकांच्या ढिगात पडून राहते. देण्याआधी नळ्यांच्या आत-बाहेर आणि ब्रीचवर घट्ट गंजरोधक तेल फासा, स्नॅप कॅप घालून चाप ओढून चढलेले घोडे खाली सोडा म्हणजे स्प्रिंग ताणलेली राहणार नाही, पावतीवर बंदुकीचा नंबर ठशाशी पडताळा. परत आणल्यावर पहिलं काडतूस घालण्याआधी दोन्ही नळ्यांतून आरपार बघाच. कुंभारीण माशीला बारा बोअरचं भोक मातीचं घर बांधायला अगदी बेताचं असतं, आणि ‘देशी होती म्हणून फाटली’ असं ज्या नळ्यांबद्दल सांगतात त्यांतल्या कितीतरी अशा मातीच्या बुचाने फाटलेल्या असतात.