बत्तीस हजाराचा कंप्रेसर आणि रात्रभर उघडा डॅशबोर्ड

मे महिन्यातलं नागपूर, त्यात मी गाड्यांच्या एसीचं काम करणारा, म्हणजे या दिवसांत जेवायला वेळ नसतो हे सांगायला नकोच. त्या दिवशी संध्याकाळी शटर खाली ओढायच्या बेतात होतो तेवढ्यात एक सीएनजीवाली टॅक्सी येऊन उभी राहिली. सेडान, पाच-सहा वर्षं जुनी, चारही काचा खाली आणि ड्रायव्हर घामानं निथळत होता. गाडी त्याचीच, हप्ते चालू.

"भाऊ, कंप्रेसर गेला म्हन्ते. 32 हजार लागते म्हन्ते. अन् पार्ट यायले दोन दिवस. उद्या सकाळी सहाले चिखलदऱ्याची ट्रिप हाय माही, सांगा आता काय करू?"

कोणी सांगितलं, कुठे, ते मी विचारलं नाही, विचारत पण नाही. पण कंप्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप, गेला हे ठरवलं कशावरून ते विचारलं. तर म्हणे एसी चालू केला तरी कंप्रेसरचा क्लच, म्हणजे त्याला इंजिनच्या पट्ट्याशी जोडणारा भाग, लागतच नाही. मग अजून विचारलं तेव्हा निघालं की मार्चमध्ये एसीचा गॅस भरला, एप्रिलमध्ये परत भरला, दरवेळी पंधरा-वीस दिवस गार हवा आणि मग परत तेच. इथेच माझ्या डोक्यात आलं की हे प्रकरण कंप्रेसरचं नाही.

कारण गॅस कमी झाला की प्रेशर स्विच कंप्रेसरला चालूच होऊ देत नाही, मुद्दामच तशी सोय असते, नाहीतर गॅससोबत फिरणारं ऑइल परत यायचं नाही आणि कंप्रेसर खरंच जाम होईल. म्हणजे क्लच लागत नाही हा त्या बिचाऱ्या कंप्रेसरचा दोष नाही, तो वाचवला जातोय. मी त्याच्यासमोरच इंजिन बंद ठेवून बॅटरीवरून क्लचला डायरेक्ट वायर दिली, टक्क आवाज आला. हाताने फिरवून बघितलं, खरखर नाही काही नाही. तो माझ्याकडे बघतच राहिला, मग म्हणाला, "मंग 32 हजार कायचे?" मी काही बोललो नाही.

आता लीक कुठे ते शोधायचं. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नसतो राव, बंद पाइपात फिरत असतो, घरच्या फ्रिजमध्ये आपण दर उन्हाळ्यात गॅस भरतो का? पाच-सहा वर्षांत थोडा कमी झाला तर समजू शकतो, रबरी पाइपातून जरासा झिरपतो, पण पंधरा दिवसांत जातो म्हणजे भोक आहे आणि भोक न शोधता गॅस भरणं म्हणजे दर महिन्याला दीड-दोन हजार हवेत सोडणं. तरी लोकं तेच करतात, आणि गॅरेजवाले पण, कारण अर्ध्या तासात पैसे सुटतात.

नायट्रोजन भरून प्रेशर दिलं आणि साबणाचं पाणी मारलं. आधी कंडेन्सर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणारा भाग, कारण तो पुढे जाळीमागे असतो आणि हायवेवर खडे उडून तोच फुटतो. तिथे काही नाही. पाइपांचे जॉइंट, सर्व्हिस व्हॉल्व, कंप्रेसरचा सील, कुठेच बुडबुडा नाही पण गेजचा काटा मात्र खाली येतोय. मग पाइप सोडवून नुसती कूलिंग कॉइल, जिच्यावरून हवा गार होऊन आत येते ती, वेगळी करून प्रेशर दिलं. बसला काटा खाली. सापडलं पण नको तिथे, कारण कॉइल डॅशबोर्डच्या आत असते आणि ती काढायची म्हणजे स्टिअरिंगपासून सगळं उघडायचं.

त्याला बाकावर बसवून सगळं सांगितलं. पहिला रस्ता, आत्ता गॅस भरून देतो, उद्याची ट्रिप होईल पण महिन्याभरात परत येशील. दुसरा, ते लीक बंद करणारे डबे मिळतात बाजारात, स्वस्त आहेत पण मी हात लावत नाही, तो चिकट माल एक्सपान्शन व्हॉल्वमध्ये, म्हणजे कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक तोंडात, जाऊन बसतो आणि मग खरंच मोठा खर्च निघतो. तिसरा, कबाड्यातली जुनी कॉइल, हजार-बाराशेला मिळेल पण मजुरी तेवढीच लागते आणि ती कधी फुटेल कोणी सांगावं. जुनी वेल्ड करून देणारे पण आहेत, पातळ ॲल्युमिनियम आहे ते, टिकत नाही. चौथा, नवीन. ओरिजिनल कॉइल साडेसहा हजाराच्या पुढे, बाहेरच्या चांगल्या कंपनीची 3200. व्हॉल्व 900, गॅसमधला ओलावा शोषणारा ड्रायर 600, गॅस-ऑइल 1800, मजुरी 3500. म्हणजे बाहेरची कॉइल धरून 10 हजार.

तो बराच वेळ मोबाइलवर हिशोब करत बसला. मग म्हणाला, "करा भाऊ. पन सकाळी सहाले गाडी पाह्यजे."

ओळखीच्या दुकानदाराला घरून बोलावून पार्ट काढले आणि मी अन् माझा पोरगा भिडलो. कॉइल बाहेर आली तेव्हा बघण्यासारखी होती, धूळ, केस, कडुनिंबाची पानं यांचा नुसता गोधडीसारखा थर आणि खालच्या कोपऱ्यात तेलकट डाग. डाग दिसला की समजायचं गॅस इथूनच जात होता. एसीचं पाणी त्या घाणीत साचून राहतं आणि हळूहळू ॲल्युमिनियम खातं. आत येणारी हवा गाळणाऱ्या केबिन फिल्टरची जागा होती पण फिल्टरच नव्हता!

जोडून झाल्यावर पाइपांतली हवा ओढून काढायला पाऊण तास व्हॅक्यूम लावला, मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम वजनकाट्यावर मोजून गॅस सोडला. अंदाजाने भरायचा नसतो, जास्त झाला तरी कूलिंग मरतं. पहाटे साडेचारला डॅशबोर्डवरच्या एसीच्या जाळीत थर्मामीटर खोचला, 8 डिग्री.

गडी खुश. 5 हजार लगेच फोनवरून टाकले, बाकीचे ट्रिपनंतर देतो म्हणाला आणि दिले पण. घासाघीस केली ती फक्त 350 च्या केबिन फिल्टरसाठी. "हे लावलंच पाह्यजे का भाऊ?" म्हणून तेव्हा दहा मिनिटं डोकं खाल्लं माझं, शेवटी मी ती काढलेली कॉइल त्याच्या हातात दिली, मग गुपचूप बसवून घेतला.