बारावा शेक

बुधवार, रात्र

आज बारावा झाला. पंचवीसपैकी तेरा उरले. आमच्या बाकड्यावर रेडिएशन कुणी म्हणत नाही, शेकच म्हणतात. "कितवा?" एवढ्यावर ओळख होते.

तीन ग्लास पाणी पिऊन अर्धा तास कळ काढायची. मूत्राशय भरलं की आतडी वर सरकतात, किरणांच्या वाटेतून बाजूला होतात. कळतं सगळं, पण आज पाणी पोटात गेलं आणि मशीन बंद पडलं. पाऊण तास पाय आवळून बसले. शेवटी टेक्निशियन पोरगा म्हणाला, "काकू, जाऊन या आणि परत प्या." परत तीन ग्लास! शेजारच्या मावशी म्हणाल्या, "बाई, आपल्यापेक्षा टँकर बरा."

जाऊबाईंचा परवा फोन. "ऑपरेशन झालं, सहा केमो झाल्या, आता हे कशाला?" प्रश्न बरोबर आहे. ओव्हरीच्या कॅन्सरला शेक सहसा देत नाहीत. पूर्वी अख्ख्या पोटाला द्यायचे, केमोची प्लॅटिनमवाली औषधं आल्यावर ते मागे पडलं. माझा तिसऱ्या स्टेजचा. गर्भाशय, दोन्ही ओव्हरी, आतड्यांवरचा चरबीचा पडदा, सगळं काढलं. रक्तातली कॅन्सरची खूण, सीए-१२५, तीसुद्धा ३५ च्या खाली, म्हणजे नॉर्मलवर आली. पण स्कॅनमध्ये ओटीपोटात एक गाठ तशीच दिसली, शिरेला चिकटून. तिथे पुन्हा सुरी नको म्हणाले. म्हणून तेवढ्यापुरता शेक.

आत गेलं की काही दुखत नाही. ओटीपोटावर एक आणि दोन्ही कुशींना एकेक, असे तीन ठिपके सुईने गोंदलेत, त्यांवर लेझरची रेघ जुळवतात. आजीच्या कपाळावर गोंदण होतं. आईने मुद्दाम टाळलं, आणि मला अठ्ठावन्नाव्या वर्षी हे.

दहाव्यापासून जुलाब सुरू झालेत. दूध, पालेभाज्या बंद. मऊ भात आणि मुगाचं वरण. केमोत तोंडाची चव गेली होती, आता चव आहे तर हे! थकवाही केमोसारखा नाही, संध्याकाळी चारला अचानक येतो. कुकर लावता लावता ओट्याला टेकून उभी राहते.

कॅलेंडरवर हे दुधाच्या खाड्यांशेजारी माझे शेक मांडतात. आज निघायच्या आधीच फुली मारून मोकळे झाले. मी म्हटलं, "अहो, होऊ तर द्या." मशीन बंद पडलं तेव्हा पाण्याची कळ सोसत मला ती फुलीच दिसत होती.