जुना लॅपटॉप तारीख विसरतो तेव्हा

परभणीच्या आमच्या घरातील जुन्या लॅपटॉपची मुख्य बॅटरी थकलेली आहे. गेल्या उन्हाळ्यापासून चार्जर काढला की तो तारीखही विसरू लागला आणि तारीख चुकल्यामुळे बँकेची, सातबाऱ्याची संकेतस्थळे सुरक्षा प्रमाणपत्र अवैध असल्याचे सांगून उघडेनाशी झाली. दोष इंटरनेटचा नव्हता. मदरबोर्डवरील, म्हणजे आतील मुख्य सर्किटवरील, घड्याळ चालू ठेवणारी ३ व्होल्टची सीआर२०३२ ही छोटी बॅटरी संपली होती.

ही बॅटरी संपल्यावर अनेक जुन्या यंत्रांत बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामची, सेटिंगही मूळ स्थितीला जातात. त्यात साटा मोड, म्हणजे डिस्कशी जोडणी करण्याची पद्धत, एएचसीआय या पर्यायावरून बदलला, तर विंडोज सुरू होत नाही, आणि धडधाकट डिस्क गेली असे समजून लोक नवी विकत घेतात, याचे मला फार वाईट वाटते. आधी बायोसमध्ये तारीख आणि हा मोड तपासावा. लॅपटॉपमधील बॅटरीला बहुधा वायर व कनेक्टर असतो, म्हणून दुकानात जुनी दाखवूनच नवी घ्यावी.

बायोस अपडेट मात्र सर्वांत शेवटी करावे. आमच्याकडे विजेचा नेम नसतो, आणि बायोसचा नवा प्रोग्राम लिहिला जात असताना वीज गेली, तर लॅपटॉप पुन्हा सुरूच न होण्याचा धोका असतो. मुख्य बॅटरी थकलेली असल्यास इन्व्हर्टरच्या आधाराशिवाय हे काम हाती घेऊ नये.